कागदावर पाय ठरत नाही

[दृश्य: उंचावरून डाळिंबाची बाग, मधोमध शेततळं]

नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात वरून पाहिलं की असे निळे-काळे चौकोन दिसतात. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि ते झपाट्यानं वाढले. उन्हाळ्यात बाग जगते ती याच पाण्यावर.

हे तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. भरलं की साधारण २२ लाख लिटर पाणी. तळाला आणि चारही उतारांना ५०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक. शेतकरी त्याला कागद म्हणतात.

[दृश्य: ओल्या उतारावर अनवाणी पाय]

हा पाय नीट बघा. कंबरेला दोर बांधून एक तरुण उतारावर उभं राहायचा प्रयत्न करतोय. त्याला उत्तम पोहता येतं. उतार एकास एक, म्हणजे ४५ अंशांचा. कागद गुळगुळीत, त्यावर शेवाळ. पाय टेकतो आणि निसटतो. पुन्हा टेकतो, पुन्हा निसटतो. विहिरीला पायऱ्या किंवा कपारी असतात, ओढ्याकाठी मुळं असतात. इथे धरायला काहीच नाही. त्यामुळे पोहणारी माणसंही दमून बुडतात, आणि मुलामागं उडी घेतलेले आईवडीलही.

मे महिन्यात पाणी उतरलं की धोका कमी झाला असं वाटतं. उलट आहे. पाण्यापासून काठापर्यंतचा उतार तेव्हा सर्वांत लांब असतो.

[दृश्य: दोराला गाठी मारणारे हात]

यावरचा उपाय हा. १२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर, दर फुटावर एक गाठ. साधा दोर ओल्या हातातून सुटतो, गाठीवर हात अडतो. उतार वरपासून तळापर्यंत सव्वाचार मीटर भरतो, म्हणून एक दोर ७ मीटरचा घ्यायचा. प्रत्येक बाजूला तीन, चारही बाजू मिळून बारा: ८४ मीटर. कोपऱ्यापासून ५, १५ आणि २५ मीटरवर बांधले, तर काठालगत कुठंही असलात तरी दोर ५ मीटरच्या आत येतो.

कागदाची कड बांधावरच्या चरात पुरलेली असते. लोखंडी खुंट त्या चराच्या बाहेर, दोन फूट खोल. दोराच्या टोकाला हवा भरलेली जुनी ट्यूब. पाणी वर-खाली झालं तरी ती तरंगत राहते. वॉल्व्हनं कागद घासू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळायची. कागद फाटेल या भीतीनं लोखंडी शिडी कुणी सोडत नाही, आणि ती भीती खरी आहे. दोरानं कागदाला काही होत नाही.

[दृश्य: जाळीचं कुंपण, फाटक]

काटेरी तारेचे तीन पदर म्हणजे कुंपण नव्हे, त्यातून चार वर्षांचं मूल सहज आत जातं. जाळी किमान चार फूट उंच, खाली चार इंचांपेक्षा कमी फट. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी वर. आणि जाळीला टेकून ठेवलेले हे कॅरेट आजच उचला. मुलांना चढायला तेवढं पुरतं.

[दृश्य: बागेत तोडणी, बांधावर दोन मुलं]

तोडणीच्या दिवसांत घरचे सगळे रानात, आणि धाकटा आठ वर्षांच्या ताईकडं. ही राखण नव्हे. तो घसरला तर त्याला काढायला ताईच उतरते. लहान मूल पाण्याजवळ असेल तर मोठं माणूस हात पोचेल इतक्या जवळ हवं. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, श्वास घ्यायलाच उसंत नसते. ‘आवाज आला असता की’ या भरवशावर राहू नका. बांगलादेशात मोठ्यांच्या कामाच्या वेळेत, सकाळी ९ ते दुपारी १, गावोगावी ‘आँचल’ नावाची पाळणाघरं चालवली गेली. आपल्या वस्तीवरही हंगामापुरतं एखाद्या जाणत्या बाईंकडं पाच-सहा मुलं सोपवता येतील. त्यांची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यावी.

कुणी पडलंच तर उडी नको. दोर, ट्यूब, बांबू टाका. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं धरू नका. श्वास नसेल तर आधी तोंडानं पाच श्वास द्या, मग छाती दाबायला लागा. सोबतच्यानं १०८ लावायचा.

[दृश्य: संध्याकाळ, एक शेतकरी काठावरचे दोर ओढून पाहतोय]

उन्हानं नायलॉन कडक होतो, तंतू सुटतात. दर वर्षी पावसाआधी बाराही दोर असे अंगाचा भार टाकून ओढून बघायचे, ट्यूबमध्ये हवा भरायची, आणि मगच तळं भरायला मोटर चालू करायची.