नावाची पट्टी

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. धावपट्टी अजून ४४ मैल दूर असतानाच कंट्रोलरने अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाकडे येण्याची, परवानगी दिली. त्याच्या लेखी, डोंगराची काळजी वैमानिकांनी घ्यायची. वैमानिकांनी मात्र परवानगीचा अर्थ घेतला, १८०० फुटांपर्यंत खाली यायला वाट मोकळी. बोइंग ७२७ माउंट वेदर या डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले.

सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान याच गैरसमजातून तिथेच थोडक्यात बचावलं होतं. वैमानिकांनी ते कळवलंही. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण टीडब्ल्यूएपर्यंत ते पोहोचलंच नाही.

अशा बातम्या सगळ्यांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून १९७६ साली एएसआरएस सुरू झालं, म्हणजे हवाई सुरक्षेबद्दलचे अहवाल स्वतःहून पाठवण्याची अमेरिकी व्यवस्था. पैसा एफएएचा, म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक नियामकाचा, कारभार नासाचा. परवाना काढून घेणाऱ्याच्याच हातात कबुली कोण देईल?

फॉर्मवर नाव, पत्ता आणि फोनची एक पट्टी असते. विश्लेषक अहवाल वाचतात, गरज पडली तर फोन करतात. मग पट्टीवर तारखेचा शिक्का मारून ती पाठवणाऱ्याला परत करतात. ती जपून ठेवायची, कारण पुढे प्रकरण निघालंच तर वेळेत कळवल्याचा पुरावा तीच.

अहवाल पाठवायची मुदत १० दिवसांची. चूक मुद्दाम केलेली नसावी, आणि आधीच्या ५ वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसावा. मग एफएएने नियमभंग ठरवला तरी दंड किंवा निलंबन टळतं. अपघात आणि गुन्ह्याला हे कवच नाही. तसे अहवाल नावानिशी पुढे जातात.

स्कायडायव्हर नेणारे वैमानिकही इथे लिहितात. उड्यांच्या किमान ५ मिनिटं आधी त्यांना रेडिओवर हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवावं लागतं. तरीही एखादं विमान खालून जातं. पोटावर पडणारा माणूस १००० फूट साधारण साडेपाच सेकंदांत ओलांडतो, तेव्हा ‘विमान जवळून गेलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. उंची, फ्रिक्वेन्सी, रेडिओवरचं शेवटचं बोलणं, ढगांचा थर आणि दारातून खाली कोण बघत होतं, हे सगळं हवं.

काही गोष्टी विमानाच्या आतच घडतात. दाराकडे सरकताना रिझर्व्ह, म्हणजे राखीव, पॅराशूट बंद ठेवणारी पिन घासून अर्धी बाहेर आलेली असते. ती तशीच राहिली आणि छत्री दारात उघडली, तर शेपटीत अडकू शकते. शेजाऱ्याने ती वेळेत पाहिली, तर कुणाला खरचटतही नाही, आणि म्हणूनच हे कुणी लिहीत नाही. लिहायचं ते एवढंच: पिन किती बाहेर होती, पिन ज्यातून जाते तो दोरीचा लूप झिजलेला होता का, आणि कोणत्या तपासणीत ती दिसली.