जस्ताचा कण आणि कापसाची काडी

नमस्कार श्रोतेहो.

'मिनरल' असं लिहिलेली सनस्क्रीनची ट्यूब घ्या, तिच्यातली वाटाण्याएवढी क्रीम हाताच्या पाठीवर चोळा. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर राखाडी, जराशी जांभळट झाक उरते. पुष्कळ जण तिथेच ट्यूब फडताळात टाकून देतात. काही जण झाक दिसू नये म्हणून इतकी कमी लावतात, की न लावल्यासारखीच. अशा क्रीममध्ये ऊन अडवायला बहुधा झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, असते; इथे तिलाच जस्त म्हणू. पण ही झाक निव्वळ जस्ताची नव्हे. बराचसा दोष जस्ताच्या गुठळ्यांचा असतो. या गुठळ्या आवरायला आणि झाक मोडायला कापूस, एरंड आणि लाकूड यांच्यातून निघणारे पदार्थ कसे कामाला येतात, ते आज सांगायचं आहे.

आधी जस्ताचं काम समजून घेऊ. झिंक ऑक्साइड ऊन आरशासारखं परतवून लावतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात अतिनील किरणांपुरतं त्याचं बहुतेक काम शोषून घेण्याचं आहे. साधारण ३७० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) खालचे किरण ते गिळतं. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ४०० च्या पुढे सुरू होतो, तो मात्र ते गिळत नाही, नुसता विखुरतं. कण ३०-४० नॅनोमीटरचा असेल तर हे विखुरणं नगण्य असतं आणि थर पारदर्शक दिसतो. पण इतके बारीक कण सुटे राहत नाहीत. एकमेकांना चिकटून त्यांचे अर्ध्या-एक मायक्रॉनचे, म्हणजे पाचशे ते हजार नॅनोमीटरचे, गोळे होतात आणि पांढरेपणा परत येतो. त्याहून वाईट म्हणजे दोन गोळ्यांच्या मध्ये मोकळी जागा राहते. पत्र्याला भोकं असली की पत्रा कितीही जाड असून पाऊस आत येतोच, तसं ऊन त्या फटीतून आत जातं. म्हणून तितकंच जस्त घातलेल्या दोन क्रीमचे एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचे आकडे, वेगवेगळे येतात.

गुठळ्या आवरायच्या पहिल्या कामाला एरंड. एरंडेलापासून हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल बनतं आणि त्याची साखळी जोडली की पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल. तेलात विरघळून ते प्रत्येक कणाभोवती लव उभी करतं आणि कणांना एकमेकांपासून लांब ठेवतं. ही युक्ती कारखान्यांत जुनी आहे. नवी गोष्ट आहे कापसाची.

सरकीला चिकटलेला आखूड तंतू, म्हणजे लिंटर, जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. त्यावर ६४ टक्के गंधकाम्लाची क्रिया ४५ अंश सेल्सिअसला पाऊण तास केली, की तंतूचा विस्कळीत भाग झडतो आणि सुबक स्फटिक काड्या उरतात. लांबी १००-२०० नॅनोमीटर, जाडी ५ ते १० नॅनोमीटर. वेळ झाली की दहापट थंड पाणी ओतून क्रिया लगेच थांबवायची. तापमान ६० कडे गेलं तर माल काळवंडतो, ४० च्या खाली राहिलं तर तंतू तसाच राहतो. हे आम्ल कातडी जाळतं, त्यामुळे घरी करून बघण्याचा हा प्रकार मुळीच नाही. प्रयोगासाठी तयार भुकटी विकत घेता येते. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे नॅनोसेल्युलोजवर काम चालतं. विदर्भाच्या कापसाला असाही एक दरवाजा उघडू शकतो, हे मनापासून सांगावंसं वाटतं.

या काड्या तेलाच्या थेंबावर जाऊन बसतात आणि थेंबाभोवती कुंपण घालतात. दोन थेंब एकमेकांत मिसळू शकत नाहीत, आणि तेल-पाणी एकत्र धरणारं नेहमीचं साबणासारखं इमल्सिफायर न घालताही क्रीम टिकते.

शंभर ग्रॅमचा प्रयोगशाळेतला नमुना असा. लेपित झिंक ऑक्साइड २० ग्रॅम, खोबरेलापासून बनवलेलं हलकं ट्रायग्लिसराइड तेल २० ग्रॅम, एरंडाचा विखुरक, म्हणजे वर सांगितलेलं पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल, दीड ग्रॅम. पाण्याच्या बाजूला कापसाच्या काड्या १ ग्रॅम, ग्लिसरीन ३ ग्रॅम, घट्टपणासाठी झँथन गम ०.२ ग्रॅम, साधं मीठ ०.१५ ग्रॅम, परिरक्षक (क्रीम नासू न देणारा पदार्थ) १ ग्रॅम, आणि बाकी पाणी, सुमारे ५३ ग्रॅम.

क्रम चुकला की सगळं चुकलं. काड्यांची भुकटी आधी निव्वळ पाण्यात भिजवून, ढवळून, बर्फात ठेवलेल्या भांड्यात अल्ट्रासाउंडने सुटी करायची. मीठ त्यानंतर. आधी मीठ टाकलं तर काड्या सुट्या होतच नाहीत. मीठ हवं कशाला? काड्यांवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना ढकलतात आणि थेंबावर दाटीने बसत नाहीत. थोडं मीठ तो भार झाकतं. जास्त झालं तर काड्यांचाच गोळा होतो, म्हणून मोजमाप काट्यावरच. ग्लिसरीन, गम आणि परिरक्षक मिठानंतर.

तेलात विखुरक विरघळवून जस्त थोडंथोडं घालायचं, तोंडाला मास्क बांधून, कारण ही भुकटी श्वासात जाता कामा नये. नुसतं ढवळून भागत नाही. तीन रुळांच्या गिरणीतून दोन-तीनदा काढा. रंगकामातल्यासारखी खोबणीची मोजपट्टी असते, तिच्यावर लेप ओढला की जिथे रेघा आणि दाणे दिसायला लागतात तो आकडा वाचायचा. १० मायक्रॉनच्या वर दाणा दिसला तर परत गिरणीत. मग हा लेप पाण्यात सावकाश सोडत होमोजिनायझरने तीन ते पाच मिनिटं घुसळायचा. काळ्या काचेवर पातळ थर ओढून उजेडात धरा. एकसारखी धुक्यासारखी झाक हवी, पांढरे ठिपके नकोत.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त वेळा घट्टपणात. घट्टपणासाठी नेहमीचा कार्बोमर जेल वापरला तर जस्ताचे सुटलेले आयन त्याला आकसून टाकतात आणि क्रीम पाणी सोडते. स्टिअरिक आम्ल घातलं तर जस्ताचा साबण बनतो आणि महिनाभरात क्रीम दगडासारखी होते. पीएच ७ च्या वर ठेवावा लागतो, कारण आंबट पाण्यात झिंक ऑक्साइड विरघळतं. आणि इथे 'नैसर्गिक' म्हणून सोडियम बेन्झोएट घालणारे फसतात. ते आम्लातच काम करतं, पीएच ७ ला निकामी असतं, आणि सेल्युलोज-ग्लिसरीनच्या मिश्रणाला बुरशी धरते. फेनॉक्सिइथेनॉलसारखं परिरक्षक तिथे चालतं.

आता लाकडाकडे वळू. लाकडातला, उसाच्या चिपाडातला, पऱ्हाटीतला तपकिरी भाग म्हणजे लिग्निन. कागद कारखान्यात तो लगद्यातून वेगळा निघतो. ॲसिटोन तीन भाग आणि पाणी एक भाग, अशा मिश्रणात लिटरला ५ ते १० ग्रॅम विरघळवून गाळून घ्यायचा आणि तिप्पट पाण्यात एका झटक्यात ओतायचा. डोळ्यांदेखत पाणी दुधाळ कॉफीसारखं होतं, कारण लिग्निन शंभरेक नॅनोमीटरच्या गोळ्यांत बाहेर पडतं. सावकाश ओतलं तर गोळे मोठे होतात. मग ॲसिटोन पूर्ण उडवून टाकायचं.

लिग्निनचं शोषण २८० नॅनोमीटरच्या आसपास जास्त आणि पुढे उतरत जाणारं. जस्त यूव्हीबीत, म्हणजे कातडी भाजणाऱ्या आखूड लहरींच्या अतिनील किरणांत, जरा उणं पडतं, तिथेच लिग्निन हात देतं, आणि उन्हाने तयार होणारे आक्रमक रेणूही ते टिपतं. तपकिरी रंग गोऱ्या कातडीवर डाग वाटतो, आपल्या सावळ्या कातडीवर मात्र जस्ताची राखाडी झाक मोडतो. हा गुण मला फार मोलाचा वाटतो. क्राफ्ट, म्हणजे गंधकाची संयुगं वापरून लगदा काढण्याच्या, पद्धतीच्या लिग्निनला गंधकाचा वास येतो, अल्कोहोलने काढलेल्याला तो त्रास नाही. युरोप आणि अमेरिकेच्या मान्य अतिनील-गाळकांच्या यादीत लिग्निन नाही. म्हणजे जस्त कमी करून त्याच्या जागी लिग्निन घालण्याची मुभा नाही. जस्ताची मर्यादा दोन्हीकडे २५ टक्के आहे, आणि नॅनो कण वापरले तर युरोपात वेष्टनावर तसं लिहावं लागतं.

कापसाच्या काड्यांची खरी उणीव घामाची. सेल्युलोज पाणी धरणारं. घाम सुटला की थर लवकर सैल होतो. काड्यांवर तेलाळ रेणू जोडून हे सुधारता येतं, पण मग त्या पाण्यात सुट्या होईनात, म्हणजे पहिलीच अडचण पुन्हा उभी. म्हणून अशी क्रीम आज ऑफिसला जाणाऱ्याला चालेल. रोवणी किंवा वेचणी करणाऱ्याला पाण्यात टिकणारी, तेलात पाणी प्रकारची क्रीम आणि डोक्याला रुमाल हवा.

आणि लावायची किती? एसपीएफच्या चाचणीत चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, आणि दर दोन तासांनी पुन्हा तितकीच.