बाळाच्या खोलीतला आवाज

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला घरी आली. आमचं घर नाशिकला, दोन मजली. बाळ-बाळंतीण वर आणि स्वयंपाकघर खाली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सगळं चालू होतं, पण माझा अर्धा जीव जिन्यात अडकलेला असायचा. कुकरची शिट्टी झाली तरी वाटायचं, बाळ रडलं. धावत वर जावं, तर ते गाढ झोपलेलं. आणि एक दिवस ते खरंच रडलं, तेव्हा एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीत मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. लेक आंघोळीला गेली होती. ओली बाळंतीण, तशीच घाईघाईने बाहेर आली. त्या दिवशी घरात बेबी मॉनिटर आणायचं ठरलं. म्हणजे दोन भागांचा सेट: एक भाग बाळाजवळ ठेवायचा, तो तिथला आवाज आपल्याजवळच्या दुसऱ्या भागात ऐकवतो.

ही वस्तू मुळात आपल्या रेडिओच्याच घरातली बरं का. १९३२ साली अमेरिकेत चार्ल्स लिंडबर्ग या विख्यात वैमानिकाचं लहानगं मूल रात्री पाळणाघरातून नव्हे, स्वतःच्या घरातून, झोपायच्या खोलीतून पळवलं गेलं आणि पुढे ते मृतावस्थेत सापडलं. साऱ्या देशातल्या आईबापांनी धसका घेतला. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅक्डोनाल्ड यांनी मग बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत पोचवणारं यंत्र करवून घेतलं. १९३७ मध्ये ते 'रेडिओ नर्स' या नावाने आलं. त्याचा बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा, देखणा साचा इसामू नोगुची या शिल्पकाराने घडवला होता.

आता आपल्या घराचं बोलू. पहिला प्रश्न, मॉनिटर हवाच का? एक-दोन खोल्यांच्या घरात पैसे घालवू नका, तुमचे कान पुरेसे आहेत. रात्रीसाठी तर बालरोगतज्ज्ञ सांगतात की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावं. मॉनिटर कामाला येतो तो दिवसा. बाळ एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यावर, किंवा मध्ये जाड भिंती, अशा वेळी.

दुकानात गेलात की कॅमेऱ्याचे सेट आधी पुढे करतात. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक घरांना फक्त आवाजाचा सेट पुरतो. चित्र हवं असेल, तर स्वतःच्या छोट्या पडद्यावर थेट दाखवणारा सेट घ्या. वायफायवरचा कॅमेरा ऑफिसातूनही बघता येतो, हे खरं. पण त्याच खोलीत आई बाळाला पाजते, कपडे बदलते, आणि इंटरनेटवरून परक्या कुणी त्यात शिरलं, तर त्यालाही ते दिसेल. तो घ्यायचाच असेल, तर कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, अपडेट टाळू नका, आणि पाजायच्या वेळी कॅमेरा बंद ठेवा. आणखी एक, वीज गेली की राउटरही जातो. तो इन्व्हर्टरवर आहे का, ते पाहा.

आमचा पहिला सेट जाऊबाईंच्या मुलाने हौसेने अमेरिकेतून पाठवला. मी तो सॉकेटला लावला आणि मिनिटाभरात जळका वास आला. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत फक्त १२० व्होल्ट लिहिलं होतं, आपल्याकडे २३०. तेव्हा परदेशातून काही आलं, तर अ‍ॅडॉप्टरवर '१००-२४०' हे आकडे आधी शोधा. आणि अ‍ॅडॉप्टर बदलून भागत नाही. तिकडचे डेक्ट पद्धतीचे, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या तंत्रावरचे सेट १९२० ते १९३० मेगाहर्ट्‌झवर चालतात, आपल्याकडे त्या लहरी मोबाइलसाठी आहेत. सेट इथेच विकत घेतलेला बरा.

मग आम्ही इथला साधा, आवाजाचा सेट आणला. त्यावर हिरव्या-लाल दिव्यांची एक ओळ आहे, आवाज वाढला की दिवे चढत जातात. कुकर ओरडत असला तरी ओट्यावरचे लाल दिवे मला दिसतात. माझ्या मते या सोयीइतकी दुसरी कुठली महत्त्वाची नाही. दुसरी सोय म्हणजे सेटच्या दोन भागांचा संपर्क तुटला की वाजणारी सूचना. ती नसेल, तर सगळं शांत आहे म्हणजे बाळ झोपलंय की यंत्र बंद पडलंय, हे कळायचं कसं? डब्यावर लिहिलेलं तीनशे मीटरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. आपल्या स्लॅबच्या घरात स्वतः तपासा. मी पाळण्याजवळ ट्रान्झिस्टर हळू आवाजात लावून ठेवला आणि सेटचा दुसरा भाग हातात घेऊन गच्चीपासून मागच्या अंगणापर्यंत फिरले. कपडे वाळत घालायच्या कोपऱ्यात आवाज तुटत होता. म्हणजे तिथे जाताना कुणाला तरी वर बसवायचं, हे कळलं.

आणि हे कृपा करून नीट ऐका. सेटची वायर बाळापासून निदान तीन फूट लांब हवी, कारण गळ्याभोवती वायर अडकून बाळं दगावली आहेत. आपला पाळणा हलतो, म्हणून झोका जिथपर्यंत जातो तिथून पुढे तीन फूट मोजा. बाळाचा श्वास, नाडी मोजणारे मोजे आणि पट्टे मिळतात, पण झोपेतला आकस्मिक मृत्यू टाळायला त्यांच्यावर विसंबू नका. बाळाला पाठीवर, सपाट घट्ट गादीवर झोपवा, जवळ उशी किंवा सैल दुपटं नको. झोळीत बाळाची मान वाकून हनुवटी छातीला टेकली, तर श्वास कोंडतो आणि त्याचा आवाज होत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

एका दुपारी मी लसूण सोलत बसले होते. सेटमधून लेकीचा आवाज आला. ती बाळाला सांगत होती, "मला फार दमायला झालंय रे. आजीला नको सांगायला, ती किती करते." मी लसूण तसाच टाकून वर गेले, बाळाला घेतलं आणि तिला म्हटलं, "तू झोप, मी आहे." ते शब्द माझ्यासाठी नव्हते, हेही मनाला लागून राहिलं. तेव्हापासून सेट चालू करताना मी दारातून सांगते, "अगं, चालू केलाय हं."