मळीतला कळीचा चुना

या दोन बाटल्या आधी हातोहात फिरवा. एकीत जाड्या रव्यासारखी पिवळट वाळू आहे, दुसरीत काळपट, जड खडे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यात दोन्हींना स्लॅगच म्हणतात, म्हणजे धातू वितळवताना वर येणारी मळी, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रवा झोतभट्टीतला. लोखंडावर तरंगणारी वितळलेली मळी पाण्याच्या फवाऱ्याखाली क्षणात गार केली, की तिला स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही. ती काच होते. ही काच दळून त्यात कॉस्टिक सोडा किंवा सोडियम सिलिकेट अशी अल्क रसायनं घातली, की तिची वीण सुटते आणि कॅल्शियम, सिलिका, अ‍ॅल्युमिना नव्याने बांधले जाऊन दगड तयार होतो. हेच अल्कसिमेंट. नेहमीच्या सिमेंटसारखी चुनखडी भाजायला नको, १४५० अंशांची भट्टी नको. बेल्जियममध्ये पर्डन यांनी १९४० मध्ये हे दाखवलं, पुढे कीव्हमध्ये ग्लुखोव्स्कींनी त्याचं शास्त्र उभं केलं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाचा विमानतळ २०१४ मध्ये अशाच काँक्रीटवर झाला.

पण खरं सांगू? हा रवा आता कचरा राहिलेलाच नाही. आपल्या स्लॅग सिमेंटमध्ये तो ७० टक्क्यांपर्यंत चालतो, सिमेंटवाले तो पैसे मोजून नेतात. तोच उचलून आपण अल्कसिमेंट करायचं म्हणजे या खिशातलं त्या खिशात.

खरी अडचण दुसऱ्या बाटलीत आहे. पोलाद करताना फॉस्फरस ओढून घ्यायला चुना घालतात. ही मळी खड्ड्यात सावकाश निवते, म्हणून स्फटिक बांधून आळशी होते, रसायनांना लवकर दाद देत नाही. शिवाय तिच्या पोटात थोडा कळीचा चुना तसाच राहतो. जुने गवंडी चुना दिवसेंदिवस भिजवून मगच चुन्याच्या घाण्यात मळायचे, ते उगाच नाही. न विरलेला खडा भिंतीत गेला तर मागाहून फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात. मळीतला चुना तर करपेपर्यंत भाजलेला, विरायला महिने घेतो. या मळीचे आमचे ठोकळे २८ दिवसांच्या चाचणीत झकास उतरले. एक खिडकीत विसरला. पावसाळ्यानंतर बघतो तर त्याला चांदणीसारख्या भेगा, आणि मधोमध पांढरा ठिपका!

उपाय आहेत. मळी उघड्यावर भिजत ठेवायची, किंवा वाफ द्यायची. बारीक दळून कोळशाच्या राखेत वा त्या रव्यात मिसळली तर तिथली सिलिका चुना पकडते. सिलिकेटचा हात मात्र आखडता हवा. ते वाळू आणि सोडा वितळवूनच बनतं, तिथेही इंधन जळतंच. आणि ते घट्ट व्हायची घाई इतकी करतं, की एकदा मिक्सरच्या भांड्यातच माल आवळला. छिन्नीने काढला.

रायगडात मुंबई-गोवा महामार्गाचा एक किलोमीटर डोलवीच्या कारखान्यातल्या पोलाद मळीवर आहे, पण ती तिथे खडीच्या जागी आहे. बांधणारा माल म्हणून ती उभी करायची, तर आधी हा चुना.

हा खडा वर्षभर आमच्या गच्चीवर पावसात होता. फोडतो, आतली बाजू ओली करतो, शाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन एक थेंब, चुन्यासारखं अल्क असलं की ते गुलाबी होतं. बघा, अजून गुलाबी.