वकिलाचं घर: दादासाहेब खापर्डे यांच्याविषयी

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘दादासाहेबांची वकिली’ असा छापलाय आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी मनातलं सांगतो. अमरावतीत ‘खापर्डे बगीचा’ म्हटलं की ऑटोवाला पुढे काही विचारत नाही. खापर्डे कोण, असं विचारलं तर मात्र ‘टिळकांसोबतचे’ किंवा ‘शिर्डीवाले’, एवढ्यावर गाडी थांबते. हा माणूस याच गावात पक्षकारांचे कागद वाचून संसार चालवत होता आणि त्याच्यामागे एक भरलेलं घर उभं होतं, हे आपल्या बोलण्यातून गेलंच.

1854 चा जन्म, 1884 ला एलएलबी. वऱ्हाडातच काही वर्षं सरकारी नोकरी, ती सोडून 1890 पासून इथे वकिली. सात वर्षांत असा जम बसला की 1897 ला अमरावतीत काँग्रेस भरली, तेव्हा अध्यक्ष शंकरन नायर, तेही वकीलच, आणि स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब. राहणी अशी की लोक ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणायचे. घरची माणसं मोजकी, पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगे. पण पंगतीला विद्यार्थी, आश्रित, आलागेला, सगळेच. नवाबी दादासाहेबांच्या नावावर जमा झाली. कोठीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या, हे कोणी लिहून ठेवत नाही.

आता 1908 घ्या. 22 जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये दादासाहेब विलायतेला निघाले, प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्याच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापुढे, दाद मागायला. तिथे अपिलाची परवानगीच नाकारली गेली. तरी ते परत फिरले नाहीत, टिळकांच्या सुटकेसाठी खटपट करत राहिले. आले ते 1910 मध्ये, वाटेत मंडालेला टिळकांची भेट घेऊन. दोन वर्षं! समोर बसलेल्या वकील मंडळींना मी काय सांगू? उन्हाळ्याच्या सुट्टीला आठ दिवस जोडून घेतले तर पक्षकार शेजारच्या टेबलावर जाऊन बसतो. चालत्या वकिलीत दोन वर्षांचा खंड म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं. या काळात पंगत कशी चालली असेल? या त्यागाचा निम्मा वाटा लक्ष्मीबाईंचा आहे असं मी मानतो आणि ते जाहीरपणे मांडावं म्हणून मी आज उभा आहे.

परतल्यावर थोड्याच दिवसांत, 1910 च्या डिसेंबरात, ते शिर्डीला गेले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा गेले, ते मार्च 1912 पर्यंत राहिले. साईसच्चरित या साईबाबांच्या चरित्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याचे लेखक हेमाडपंत म्हणतात, बाबांसमोर सगळे बोलायचे. मौन धरणारे तिघेच, खापर्डे, नूलकर आणि बुटी. ज्यांच्या वक्तृत्वाची कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, छाप पडायची, ते दादासाहेब मशिदीत हात जोडून गप्प! आणि त्याच अध्यायात लक्ष्मीबाई येतात. सांजा, शिरा, पुरी, भात, वरण, खीर असं ताट घेऊन त्या मशिदीत गेल्या. एरवी नैवेद्य तासन्‌तास तसाच पडून राहायचा. त्या दिवशी बाबा लगेच उठले, ताटावरचं झाकण स्वतः काढलं आणि जेवायला बसले. बाबांचे भक्त माधवराव देशपांडे अडून बसले: बाकीच्यांची ताटं बाजूला सारता, मग हिच्याच ताटाचं एवढं कौतुक का? बाबांनी तिचे मागचे जन्म सांगितले, वाण्याच्या घरच्या दुभत्या गाईपासून. ज्याची जशी श्रद्धा, तसं त्याने घ्यावं. माझी नजर मात्र ताटावरच अडते. नवरा चार महिने राहिला, बाई सात महिने, असं तिथे लिहिलंय. मुक्काम परगावचा, धाकट्या बळवंताचं तापाचं दुखणं नुकतं सोसलेलं, आणि तरी ताटात एक जिन्नस कमी नाही! अमरावतीच्या वाड्यावरची सवय ती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर वकिली.

वऱ्हाडात तेव्हा हायकोर्ट नव्हतं. नागपूरचं हायकोर्ट 1936 चं, दादासाहेब गेले 1938 ला. त्यांच्या उमेदीच्या काळात इथल्या अपिलाची वरची पायरी म्हणजे ज्युडिशियल कमिशनर. अशा आडबाजूच्या वकिलांच्या बारमधून निघालेला माणूस प्रिव्ही कौन्सिलच्या दारापर्यंत जातो, पुढे दिल्लीच्या कौन्सिलात बसतो, ही साधी मजल नाही.

दुसरा मुद्दा 1920 चा. गांधीजींनी कोर्टांवर बहिष्कार पुकारला आणि दादासाहेब बाजूला झाले. त्याबद्दल त्यांना आजही बोल लावतात. मला ते पटत नाही. अन्याय झाला तर वरच्या कोर्टात जायचं, तिथे हरलो तरी दार सोडायचं नाही, हे ज्याने स्वतःची दोन वर्षं खर्चून केलं, त्याला कोर्टाकडे पाठ फिरवणं जमलं नाही. वकिलीचं शील म्हणतात ते मला इथे दिसतं.

शेवटचं. दादासाहेब वर्षानुवर्षं रोज डायरी लिहीत, इंग्रजीत. शिर्डीचा भाग छापला गेला, म्हणून तेवढाच वाचला जातो. बाकीच्या डायऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या प्रती आपल्या बार लायब्ररीत याव्यात, म्हणून मी अर्ज लिहून आणलाय. दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. जाताना सही करा, आणि सोबत आलेल्या वहिनींचीही घ्या.