ड्रम, कोळसा आणि मटणाचा फरा

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. वेल्डिंगच्या ठिणग्या, मागं लेथचा आवाज.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. इथं एका २०० लिटरच्या ड्रमला बुडाशी भोकं पाडायचं काम चाललंय. ड्रम खाद्यतेलाचा आहे. रसायनाचा असता, तर फुकट मिळाला तरी आम्ही घेतला नसता. कारण यात मटणाचा फरा, म्हणजे बकऱ्याचा अख्खा खांदा शिजणार आहे, मंद धुरावर, सहा तास.

"झाकण घट्ट बसलं पायजे," वेल्डर मिस्त्री सांगतात. "वारं कुठनं आत घ्यायचं ते आपण ठरवायचं. फटीनं न्हवं."

धुरावर मांस शिजवायची निम्मी विद्या या बोलण्यात आली. हवा रोखली की निखारा दबतो, सोडली की भडकतो. १९५२ साली अमेरिकेत जॉर्ज स्टीफननं हेच ओळखलं होतं. तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तिथं बनायचे. त्यातला एक मधोमध कापून त्यानं झाकणाची गोल शेगडी केली. आज तशी परदेशी शेगडी मागवायची, तर चांगलीच महाग पडते. पण ती जन्मली एका धातुकामाच्या कारखान्यातच, आणि अशा कारखान्यांची कोल्हापूरला वाण नाही.

(दृश्य : वहीतला हिशेब.)

आमचा खर्च असा झाला. ड्रम ९०० रुपये. भोकांवरच्या सरकत्या पट्ट्या, कोळशाची टोपली आणि मजुरी मिळून १,८००. जाळी ६००. जाळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा असलेली नको, तापली की तिचा धूर अंगाला बाधतो. रंग आणि आतला थर जळून जावा म्हणून पहिल्या दिवशी ड्रम रिकामाच, मोठ्या जाळावर तापवला.

शेवटी ४५० रुपयांचा, मांसात खुपसायचा थर्मामीटर. जाळीला, चाकांना, रंगाला काटकसर करा, याला करू नका. हात लावून, रंग बघून कळतं, असं आम्हालाही वाटायचं. तसं कळत नाही.

(दृश्य : रविवार सकाळ, मटणाच्या दुकानापुढची रांग.)

खरा पैसा मात्र इथं जातो. २०१९ मध्ये मटणाच्या दरासाठी आंदोलन करणारं हे शहर. इथं दोन किलो मटण वाया गेलं, तर घरात आठवडाभर विषय निघतो. म्हणून शिकायचं कोंबडीवर. आम्ही ओळीनं चार कोंबड्या केल्या, १,३०० रुपयांच्या. पहिली कडू झाली. धुरासाठी कोळशावर टाकलेलं लाकूड ओलं होतं, पांढरा दाट धूर कोंडला होता. धूर पातळ, निळसर हवा. लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं, चांगलं वाळलेलं. सुताराकडचे प्लायचे तुकडे कधीच नकोत. चौथ्या कोंबडीच्या मांडीत ७४ अंश दाखवले, तेव्हा कुठं जमलं.

मग मटणाला हात घातला. दुकानात आधीच सांगावं लागतं, "फरा अख्खा द्या, तुकडे करू नका." मीठ आणि घरची कांदा-लसूण चटणी चोळायची. थेट जाळावर ही चटणी करपते. ११० अंशांच्या उबेत ती मांसाला धरून राहते, वरून गडद कवच तयार होतं.

तीन तासांनी काटा ६८ वर अडकला. तासभर हलेना. मांसातलं पाणी वाफ होऊन जातं आणि घाम आल्यासारखं ते स्वतःला गार ठेवतं, म्हणून असं होतं. पहिल्या खेपेला धीर सुटला, कोळसा ओतला, फरा वाळून गेला. १,५०० रुपये त्यात गेले. दुसऱ्या फऱ्याला तेवढेच लागले. बघा, यंत्राला थर्मामीटरसकट ३,७५० आणि मांसाला ४,३००. कोळसा वेगळा.

(दृश्य : संध्याकाळ. गच्ची.)

दुसऱ्या खेपेला झाकण उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. चिवट पडदे वितळायला वेळ लागतो, तो दिला. सात वाजता काटा ९३ वर आला. फऱ्याचं चपटं हाड दोन बोटांनी धरलं, तर मांस जागेवर ठेवून ते अलगद बाहेर आलं. खाली घरात पांढरा रस्सा उकळत होता. आईनं वरती वाटी पाठवून दिली.