ककणेर मोजताना

(पंखांचा आवाज)

संगमेश्वर तालुका, मार्च महिना. आधी हा आवाज येतो. पक्षी मागाहून दिसतो.

मलबारी कवड्या धनेश. कोकणातला ककणेर. तो थेट ढोलीवर उतरत नाही. शेजारच्या फांदीवर बसून अंदाज घेतो. आता चोचीकडे पाहा. गळ्यातून एक उंबर वर येतं, चोचीच्या टोकाशी थांबतं आणि त्या बारीक फटीतून आत जातं. मग दुसरं. मग तिसरं.

आत मादी आहे. विष्ठा आणि फळांचा चोथा वापरून तिनं स्वतःच ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय. या काळात तिची उडायची पिसंही गळतात. नर आला नाही, तर आतले सगळे उपाशी.

म्हणून गडग्याआडची ही मंडळी एवढी गप्प आहेत. एक शिक्षक, कॉलेजची काही मुलं, सकाळचे काजू वेचून आलेल्या दोन काकी. माणसाची चाहूल लागली, तर नर घास घेऊन तसाच माघारी फिरतो. वहीत लिहायचं ते एवढंच: किती वाजता आला, काय आणलं, किती वेळा भरवलं. नराच्या डोळ्याभोवतीची कातडी काळसर निळी, मादीची पांढुरकी. दोघंही बाहेर दिसले, तर ढोली अजून बंद झालेली नाही.

नर लांब गेला की दोघं जण झाडाखाली जातात. या पाल्यात खरा हिशेब पडलेला असतो. उंबराच्या, वडाच्या बारीक बिया. आणि या चपट्या, बटणासारख्या बिया काजऱ्याच्या. आपल्याला विषारी. ककणेर वरचा गर खातो, बी टाकतो. कुठल्या ढोलीखाली काय सापडलं, त्यावरून आसपास कोणती झाडं शाबूत आहेत हे कळतं.

धनेशाला सुतार पक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडावी, तिथं वर्षानुवर्षं कुजावं, तेव्हा त्याचं घर होतं. एवढी जुनी झाडं देवराईत देवाच्या धाकानं राहिली. पण रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी. पक्ष्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण ढोली ज्या बेहड्यात आहे, त्या झाडाचं काय होणार ते सातबाऱ्यावरची नावं ठरवतात, आणि त्यातली निम्मी मुंबईत. त्यामुळे वहीत पक्ष्यासोबत झाडाच्या मालकाचंही नाव लिहिलं जातं. आमच्या मते तोच रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

मागच्या हंगामातली ही ढोली यंदा यादीत नाही. झाड विकलं गेलं.

(बुंधा. निवेदन नाही.)

ढोल्यांच्या जागा आम्ही मुद्दाम सांगत नाही. फोटोवाल्यांची गर्दीही नराला माघारी पाठवते. पिल्लं उडाली का, हे पाहायला मंडळी पावसाआधी पुन्हा येतील. तुमच्या आगरात, राईत अशी लिंपलेली ढोली असेल, तर जवळच्या वनपालांना कळवा. आणि झाडाचा सौदा ठरला असेल, तर निदान पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड थांबवा.